कावेरीच्या पाण्यामागोमाग : तंजावर परिसरातील अभ्याससहली

महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात डोंगर आणि समुद्र ही दोन दृश्ये सहसा जोडीनेच उभी राहतात. सह्याद्रीच्या कड्यावरून निघालेला प्रवासी काही तासांत कोकणच्या पुळणीवर पोहोचतो. सकाळी किल्ला चढावा आणि संध्याकाळी समुद्रस्नान करावे, असा कार्यक्रम तेथे सहज आखता येतो. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, विशेषतः तंजावरच्या परिसरात, भूमीची रचना अगदी निराळी आहे. येथे डोंगर मागे, वायव्येकडे राहिले आहेत. समुद्र पूर्वेला आणि दक्षिणेला आहे. या दोहोंमध्ये कावेरीने आणलेल्या गाळाचे सपाट मैदान पसरले आहे. तंजावर शहराची उंची समुद्रसपाटीपासून शंभर मीटरांहूनही कमी आहे. तेथून किनाऱ्याकडे जाताना उतार असा जाणवतच नाही. भातखाचरे, नारळाच्या बागा, कालवे, पुन्हा भातखाचरे, आणि मग अकस्मात खाऱ्या वाऱ्याचा स्पर्श.

अशा प्रदेशात सहलीला आलेल्या नवख्या माणसाची थोडी निराशा होण्याचा संभव असतो. कडे, घाट, खडकांवर आपटणाऱ्या लाटा यांपैकी किनाऱ्यावर काहीच नाही. पाल्कची सामुद्रधुनी उथळ असून बहुतेक ठिकाणी तिची खोली पंधरा मीटरांहूनही कमी आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीओहोटीतील फरक चार-पाच मीटरांपर्यंत जातो, तर येथे तो एक मीटरही भरत नाही. परंतु याच सपाटपणामुळे पाण्याच्या पातळीतील वीतभर फरकालाही येथे फार मोठा अर्थ प्राप्त होतो. वीतभर पाणी वाढले की रान बदलते, वीतभर घटले की पक्षी निघून जातात. हा फरक अनोळखी डोळ्यांना दिसत नाही. तो दाखविण्यासाठी त्या पाण्यावर जगणारा माणूस बरोबर असावा लागतो. म्हणूनच येथील सहलीत वाटाड्याचे स्थान दुय्यम नसते.

प्रस्तुत पाठात डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या अशा काही सहलींचा विचार केला आहे. त्यांचा क्रम पाण्याच्या वाटेने लावला आहे.

भूमीची पाच रूपे

प्राचीन तमिळ काव्यपरंपरेने भूमीचे पाच विभाग कल्पिले होते. त्यांना ‘तिणै’ म्हणतात. डोंगराळ प्रदेश म्हणजे कुरिंजि, रान व कुरणे म्हणजे मुल्लै, शेतीचे सुपीक मैदान म्हणजे मरुदम, समुद्रकिनारा म्हणजे नेय्दल आणि उन्हाने करपलेली उजाड भूमी म्हणजे पालै. प्रत्येक विभागाचे फूल वेगळे, तेथील माणसांचा व्यवसाय वेगळा, देवता वेगळी आणि त्या भूमीशी जोडलेली प्रेमभावनाही वेगळी. तोल्काप्पियम या प्राचीन व्याकरणग्रंथात या विभागणीची चर्चा आढळते.

अभ्याससहलीच्या दृष्टीने ही विभागणी आजही उपयुक्त आहे. भूमी, वनस्पती, प्राणी आणि माणसाचा उद्योग यांचा एकत्र विचार करावयाचा असतो, हे ती आपोआप शिकवते. डोंगरातून निघून मैदानामार्गे किनाऱ्यावर येणारा प्रवासी दोन-तीन दिवसांत कुरिंजि, मरुदम आणि नेय्दल असे तीन प्रदेश ओलांडतो.

डोंगरातील वाटाडी

तंजावरच्या वायव्येस, तिरुचिरापल्लीच्या पलीकडे, पूर्व घाटाच्या पच्चैमलै आणि कोल्लिमलै या डोंगररांगा आहेत. कोल्लिमलैचे माथे हजार मीटरांहून अधिक उंच असून वर जाणारा रस्ता सत्तर नागमोडी वळणे घेतो. माथ्यावर अरपळीश्वराचे प्राचीन मंदिर आहे. मंदिराजवळून सुमारे हजार पायऱ्या उतरून गेले म्हणजे ‘आकाशगंगा’ हा सुमारे ९० मीटर उंचीचा धबधबा लागतो. येथील पाणी अय्यारू नदीने कावेरीच्या खोऱ्यात उतरते. पावसाळ्याच्या दिवसांत वर कोठे तरी जोराची सर कोसळली, तर खाली कोरडे आकाश असतानाही धबधब्याचे पाणी एकाएकी फुगते. अशा वेळी पायथ्याच्या डोहात न उतरण्याचा गावकऱ्यांचा सल्ला निमूटपणे मानावा.

या डोंगरात राहणाऱ्या आदिवासींना ‘मलयाळी’, म्हणजे डोंगरवासी, असे म्हणतात. केरळातील मलयाळी भाषकांशी या नावाची गल्लत होऊ देऊ नये. वरई, राळा, नाचणी यांसारखी भरड धान्ये, तसेच फणस, अननस, मिरी व कॉफी ही येथील पिके होत. कोणत्या उतारावर कोणते धान्य तग धरते, हे ज्ञान त्यांनी पिढ्यान् पिढ्या जपले आहे. डोंगरातील सहलीत धबधब्याइतकाच वेळ या शेतांसाठी राखून ठेवावा.

डोंगरातील स्त्री ही जगाची वाट दाखविणारी असते, ही कल्पना तमिळ साहित्यात जुनी आहे. ‘कुरवंजी’ या नृत्यनाट्यप्रकारात भविष्य सांगणारी एक डोंगरी स्त्री येते. ती आपल्या डोंगराचे वैभव वर्णिते, आपण फिरलेल्या मुलखांची नावे सांगते आणि मग विरहिणी नायिकेचा हात पाहते. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी हाच प्रकार मराठीत आणला. त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या नाटकात कुरवंजी नायिकेपुढे साऱ्या पृथ्वीचा भूगोल मांडते. खंडे, देश, पर्वत आणि नद्या यांची माहिती गाण्यांतून येते. सरफोजींचे शिक्षण श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले होते आणि नव्या विद्यांविषयी त्यांना अतिशय ओढ होती. भूगोलाचा पाठ देण्यासाठी त्यांनी पंतोजीची योजना केली नाही. ज्या बाईचे पाय मुलूख तुडवून आले आहेत, तिच्या तोंडी तो पाठ त्यांनी घातला. मार्गदर्शक कोणास म्हणावे, याचे एक चांगले उत्तर या निवडीत आहे.

मैदानाचे दार : कल्लणै

तिरुचिरापल्लीच्या वरच्या अंगाला कावेरीचे दोन प्रवाह होतात. उत्तरेकडील प्रवाह कोल्लिडम आणि दक्षिणेकडील कावेरी. मध्ये श्रीरंगमचे बेट आहे. बेट संपते तेथे हे दोन प्रवाह पुन्हा एकमेकांच्या अगदी जवळ येतात. कोल्लिडमचे पात्र खोल असल्याने कावेरीचे पाणी तिकडे वाहून जाण्याचा धोका असतो. नेमक्या याच ठिकाणी ‘कल्लणै’, म्हणजे दगडी बांध, उभा आहे. तंजावरपासून तो सुमारे ४५ किलोमीटरांवर आहे. परंपरेने त्याचे श्रेय करिकाल चोळ या राजाला दिले जाते आणि त्याचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानतात. बांधाची लांबी सुमारे ३२९ मीटर आहे.

वाळूच्या पात्रात, खडकाचा आधार नसताना, हा बांध टिकला कसा, हे कोडे एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश अभियंत्यांनाही पडले होते. नदीच्या तळाशी मोठाले दगड टाकावेत, ते वाळूत रुतू द्यावेत, त्यांवर आणखी दगड टाकावेत, आणि रुतणे थांबेल तेथे बांधकामास प्रारंभ करावा, ही जुन्या बांधणाऱ्यांची रीत होती. सैल वाळूत पाया कसा घालावा, हे आपण यांच्याकडून शिकलो, अशी कबुली आर्थर कॉटन या अभियंत्याने दिली आहे.

सहलीतील मंडळींनी येथे एक गोष्ट नीट पाहून घ्यावी. कल्लणैच्या दरवाजांतून पाणी तीन वाटांनी निघते. एक कावेरी, दुसरी वेण्णार आणि तिसरा कल्लणै कालवा. हा कालवा मेट्टूर धरणाबरोबर १९३४ मध्ये पुरा झाला. लोक त्याला अजूनही ‘पुदु आरु’, म्हणजे नवी नदी, म्हणतात. तो तंजावर शहरातून वाहत जाऊन ओरत्तनाडु आणि पट्टुकोट्टै या भागांना पाणी देतो. वेण्णारच्या शाखा आणखी दक्षिणेस, मुत्तुपेटच्या खाजणात समुद्राला मिळतात. किनाऱ्यावर पुढे जे काही दिसणार आहे, त्याचे बरेचसे कारण येथील दरवाजांत आहे. मेट्टूरचे पाणी जूनच्या १२ तारखेस सोडण्याची प्रथा आहे. ज्या वर्षी पाणी वेळेवर येत नाही, त्या वर्षी त्याची झळ शेतकऱ्याला तर लागतेच. पण दीडशे किलोमीटरांवरील कोळ्यालाही ती लागल्यावाचून राहत नाही. शिवाय धरणांत पाण्याबरोबर गाळही अडतो, आणि हे सारे मैदान त्या गाळाचेच बनलेले आहे.

छत्रांची वाट

तंजावरहून दक्षिणेस निघालेला रस्ता ओरत्तनाडु गावातून जातो. येथे सरफोजींनी बांधलेले मुक्तांबाळ छत्र आहे. छत्र म्हणजे अन्नछत्र व धर्मशाळा यांचा संगम. काशीहून रामेश्वरास जाणारे यात्रेकरू या मार्गाने चालत जात. त्यांच्यासाठी तंजावरच्या भोसले घराण्याने अनेक छत्रे उभारली आणि त्यांपैकी कित्येकांना राजस्त्रियांची नावे दिली. १७९९ मध्ये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. त्यानंतर १८०१ मध्ये सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटास एक पत्र लिहून ही छत्रे चालू राहावीत अशी कळकळीची विनंती केली. येणाऱ्या प्रत्येकास जातिभेद न मानता अन्न मिळते, आजाऱ्यांना औषधपाणी होते, वाटेत प्रसूत होणाऱ्या स्त्रियांची काळजी घेतली जाते, असे वर्णन त्या पत्रात आहे. सरफोजींनी १८२० ते १८२२ या काळात स्वतः मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रा केली. प्रवाशाचे हाल काय असतात हे त्यांनी प्रत्यक्ष अनुभवले होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच प्रदेशातून १९३० मध्ये आणखी एक यात्रा गेली. गांधीजींच्या दांडीयात्रेनंतर चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १३ एप्रिल रोजी तिरुचिरापल्लीहून सुमारे शंभर सत्याग्रही घेऊन प्रस्थान ठेवले. तंजावर, कुंभकोणम या मार्गाने सुमारे दीडशे मैल चालत ते २८ एप्रिल रोजी वेदारण्यमला पोहोचले आणि दोन दिवसांनी त्यांनी मीठ उचलले. सत्याग्रहींना अन्न वा आसरा देणाऱ्यांस शिक्षा होईल, असा हुकूम तंजावरचे कलेक्टर थॉर्न यांनी काढला होता. तेव्हा लोकांनी रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्यांना शिदोऱ्या बांधून ठेवल्या. ज्या मुलखात वाटसरूस जेवू घालणे हा शतकानुशतकांचा रिवाज होता, तेथे असा हुकूम चालणे कठीणच होते.

आजही पायी किंवा सायकलने ही वाट चालता येते. छत्रांच्या ओवऱ्या, वाटेवरची टाकी व विहिरी आणि वेदारण्यमची मिठागरे पाहत जाणे, ही इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम सहल आहे.

मनोरा आणि उथळ समुद्र

ओरत्तनाडुहून पट्टुकोट्टैमार्गे गेल्यास तंजावरपासून सुमारे ६५ किलोमीटरांवर समुद्र लागतो. मल्लिपट्टिणमजवळ, अगदी किनाऱ्यालगत, ‘मनोरा’ नावाची आठ मजल्यांची षट्कोनी वास्तू आहे. नेपोलियनच्या पाडावाचे स्मारक म्हणून सरफोजींनी ती बांधविली. तिच्या लेखात १८१४ हे साल आहे, म्हणजे वॉटर्लूच्या लढाईपूर्वीचे. ज्या राजाच्या हाती तंजावरचा किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख एवढेच उरले होते, त्याने इंग्रजांच्या विजयाचा स्तंभ उभारावा, यातील व्यथा वाचकाच्या लक्षात येईल. मात्र पुढे नावाड्यांना ही उंच वास्तू दुरून खूण म्हणून उपयोगी पडू लागली.

मनोऱ्यासमोरचा समुद्र शांत आणि गढूळ दिसतो. या उथळ पाण्याच्या तळाशी समुद्रगवताची कुरणे आहेत. समुद्रगवत हे शेवाळ नव्हे. त्याला मुळे, पाने आणि फुलेही असतात, आणि वाढीसाठी सूर्यप्रकाश लागतो. म्हणूनच ते उथळ पाण्यात वाढते. या कुरणांवर डुगाँग हा सस्तन प्राणी चरतो. मराठीत त्याला समुद्रगाय म्हणतात, आणि तमिळ कोळ्यांचे ‘कडल पसु’ हे नाव त्याच अर्थाचे आहे. एके काळी त्याची मांसासाठी शिकार होई. सप्टेंबर २०२२ मध्ये तंजावर व पुदुक्कोट्टै जिल्ह्यांसमोरील ४४८ चौरस किलोमीटर सागरी क्षेत्र डुगाँगसाठी संरक्षित म्हणून घोषित झाले. जाळ्यात सापडलेला डुगाँग कोळ्यांनी जाळे कापून सोडून दिल्याच्या घटना या किनाऱ्यावर घडल्या आहेत आणि वनखात्याने अशा कोळ्यांचा गौरव केला आहे. जाळे कापणे म्हणजे हातची मिळकत सोडणे होय, ही गोष्ट पाहुण्यांनी विसरू नये.

येथे डुगाँग पाहण्याची अपेक्षा धरून होडी मागणे योग्य नाही. तो क्वचितच दिसतो आणि होडीच्या पंख्याने त्यास इजा होते. त्यापेक्षा सकाळी मल्लिपट्टिणमच्या धक्क्यावर उतरणारी मासळी पाहावी, आणि कोणते जाळे गवत खरवडते व कोणते खरवडत नाही, हे तेथील मंडळींकडून समजून घ्यावे.

मुत्तुपेटचे खाजण

किनाऱ्याने पूर्वेस गेले की मुत्तुपेट लागते. पूर्वी हे गाव तंजावर जिल्ह्यात होते. १९९१ मध्ये नागपट्टिणम व १९९७ मध्ये तिरुवारूर असे नवे जिल्हे झाले, आणि आता मुत्तुपेट तिरुवारूर जिल्ह्यात येते. वेण्णारच्या पामिनियार, कोरैयार इत्यादी शाखा येथे एका विस्तीर्ण, उथळ खाजणात मिळतात. त्याच्या काठाने तिवरांचे रान आहे. वनखात्याच्या परवानगीने कोरैयारच्या पात्रातून होडीने खाजणापर्यंत जाता येते. या परिसरातील सर्वांत बोधप्रद सहल हीच होय.

होडी निघते तेव्हा दोन्ही काठांवर गोड्या पाण्याची झाडे असतात. हळूहळू ती विरळ होतात आणि तिवर दाट होऊ लागतात. चिखलातून बोटभर उंचीचे असंख्य कोंब वर आलेले दिसतात. ती तिवराची श्वसनमुळे होत. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळे वर काढून श्वास घेते. पानावर बोट फिरवून जिभेला लावल्यास खारट चव लागते, कारण शोषलेले जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. बगळे, पाणकावळे, खंड्या हे पक्षी पदोपदी दिसतात.

पण होडीतून आणखी एक गोष्ट दिसते आणि नावाड्याने दाखविल्यावाचून ती कळत नाही. काठावरचे रान दाट असले, तरी त्याच्या आतल्या बाजूस ठिकठिकाणी उघडे, पांढरट पट्टे आहेत. तेथे एकही झाड नाही. ब्रिटिश अमदानीपासून तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत येथील तिवर पाळीपाळीने तोडले जात. एक पट्टा पुरा साफ करावयाचा, काही वर्षे थांबावयाचे आणि रान आपोआप वाढेल असे धरून चालावयाचे, अशी पद्धत होती. रान मात्र वाढले नाही. झाडे गेल्यावर जमिनीवर थेट ऊन पडू लागले, तिच्यातील ओल उडाली आणि ती थोडीशी खचली. हे खचणे काही इंचांचेच होते. परंतु भरतीचे पाणी तेवढ्या खोलगट भागात शिरले की ओहोटीबरोबर परत जाईना. साचलेले पाणी उन्हाने आटे आणि मीठ मागे राही. पुन्हा भरती, पुन्हा मीठ. अखेर क्षार इतके वाढले की तिवराचे बीदेखील तेथे रुजेना. रोपे लावण्याचे प्रयत्न अर्थातच फसले.

यावरचा उपाय पाण्याला वाट करून देण्यात होता. मासे धरण्यासाठी कोळ्यांनी खाजणापासून आत खणलेल्या कालव्यांच्या कडेने तिवर चांगले वाढलेले दिसत होते. १९९० नंतरच्या काळात एम. एस. स्वामिनाथन संशोधन संस्था, वनखाते आणि गावकरी यांनी मिळून अशा पडीक पट्ट्यांत कालवे खणण्याचे काम हाती घेतले. मध्ये एक मुख्य कालवा आणि त्यास दोन्ही बाजूंनी तिरपे येऊन मिळणारे लहान कालवे, अशी माशाच्या काट्यासारखी त्यांची रचना असते. भरतीबरोबर पाणी आत येते आणि ओहोटीबरोबर मीठ घेऊन बाहेर जाते. कालव्याच्या उतारावर, जेथे पाण्याचा स्पर्श होतो पण रोप बुडून राहत नाही अशा बेताच्या उंचीवर, रोपे लावतात. काही वर्षांत पांढऱ्या पट्ट्यांवर पुन्हा हिरवळ आली.

या रानाचे मोल १६ नोव्हेंबर २०१८ रोजी नव्याने कळून आले. त्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळले. पट्टुकोट्टै भागातील नारळाच्या बागा आडव्या झाल्या. पिढीभराचे उत्पन्न देणारी झाडे एका रात्रीत गेली. मुत्तुपेटच्या तिवरांचीही फार मोठी हानी झाली. जे रान वाऱ्याचा मारा स्वतःवर घेते, ते स्वतः मोडते. ते पुन्हा उभे राहावे यासाठी लागणारे गोडे पाणी आणि गाळ कल्लणैच्या वाटेने यावयाचा असतो.

कोडियक्करै : किनाऱ्याचे टोक

वेदारण्यमच्या दक्षिणेस सुमारे दहा किलोमीटरांवर भूमी संपते. ‘कोडि’ म्हणजे टोक आणि ‘करै’ म्हणजे किनारा. उत्तरेकडून सरळ आलेला कोरोमंडल किनारा येथे जवळजवळ काटकोनात पश्चिमेस वळतो. या टोकावर वाळूच्या जुन्या टेकाडांवर वाढलेले एक दुर्मिळ रान आहे. पाऊस थोडा, तोही वर्षातील दोन-तीन महिनेच. तरी झाडे बारमाही हिरवी. खिरणी हा त्यातील मुख्य वृक्ष. १९६७ मध्ये येथे अभयारण्य स्थापन झाले. त्याचा मुख्य हेतू काळविटांचे रक्षण हा होता. सकाळच्या वेळी कुरणात काळविटांचे कळप आणि मोकाट घोडी एकत्र चरताना दिसतात. अलीकडे या कुरणांत वेड्या बाभळीचा शिरकाव झाला आहे आणि ती काढीत राहणे हे वनरक्षकांचे न संपणारे काम आहे.

रानाच्या पश्चिमेस वेदारण्यमची मोठी दलदल पसरली आहे. ईशान्य मोसमी पावसाने ती ऑक्टोबरपासून भरू लागते, आणि त्याच सुमारास उत्तरेकडून पक्षी येतात. रोहित, चिखल्या, तुतवार, सुरय, नाना जातींची बदके. त्यांपैकी काही सैबेरियातून हजारो किलोमीटर उडून आलेले असतात. रोहित पक्षी चोच उलटी करून पाणी गाळून खातो. त्याला पाणी नेमक्या खोलीचे लागते. पाऊस कमी पडला किंवा एकदम फार पडला, तर तो जागा बदलतो. २००२ मध्ये या पाणथळीला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थान म्हणून मान्यता मिळाली.

येथील पक्ष्यांच्या अभ्यासात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा मोठा वाटा आहे. सालिम अली यांच्या प्रेरणेने सोसायटीच्या अभ्यासकांनी अनेक वर्षे येथे पक्षी पकडून त्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घातली आणि त्यांना सोडून दिले. पक्ष्यास इजा न होता तो पकडणे हे अवघड काम. त्यासाठी बिहारमधील मीरशिकार या पारंपरिक पारध्यांचे साहाय्य घेण्यात आले. ज्या हातांनी पिढ्यान् पिढ्या पक्षी विकण्यासाठी पकडले, त्याच हातांनी ते आता अभ्यासासाठी पकडून मोकळे केले. पारध्याला पक्ष्याची जी पारख असते, ती पुस्तकातून येत नाही.

ऋतू आणि शिस्त

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी येथील ऋतुचक्र आधी समजून घ्यावे. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा येथे तो सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा मुख्य पावसाळा असून चक्रीवादळेही प्रामुख्याने याच काळात येतात. पक्ष्यांसाठी नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला; परंतु निघण्यापूर्वी हवामानखात्याचा इशारा पाहिल्यावाचून किनाऱ्याकडे जाऊ नये. कोळ्यांनी होड्या ओढून वर घेतल्या असतील, तर सहल रद्द करावी. जास्त पैसे देऊन होडी काढावयास लावणे हा शुद्ध अविचार होय.

दलदलीत वाटाड्यावाचून पाऊल टाकू नये, कारण वरून कोरडी दिसणारी जमीन आतून भुसभुशीत असते. जानेवारी ते एप्रिल या काळात ऑलिव्ह रिडले कासवे रात्री वाळूत अंडी घालण्यास येतात. त्या वेळी पुळणीवर दिवे लावू नयेत. कोकणात वेळासच्या ग्रामस्थांनी कासवांच्या रक्षणाबरोबर पाहुण्यांची राहण्याची सोयही आपल्या घरांतून केली आणि त्यायोगे गावाला उत्पन्न मिळवून दिले. तसाच मार्ग येथेही हितकर ठरेल. सहलीचा खर्च होडीवाला, वाटाड्या आणि गावातील खाणावळ यांच्यापर्यंत पोहोचावा, अशी आखणी करावी.

समुद्राविषयीचा आदर हा येथे केवळ शिष्टाचार नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी आलेल्या सुनामीत एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी वेळांकण्णीच्या पुळणीवर जमलेले कितीतरी यात्रेकरू त्यांत होते. त्या दिवशी सूचना देणारी यंत्रणाच नव्हती. ती पुढे, २००७ मध्ये, हैदराबाद येथे उभी राहिली. आता इशारा मिळू शकतो. तो मिळताच कोणत्या वाटेने आणि कोणत्या उंच जागेकडे जावयाचे, हे सहलीच्या पहिल्याच दिवशी स्थानिक माणसाकडून विचारून ठेवावे.

विद्यार्थ्यांच्या सहलीत प्रत्येकाने एक वही ठेवावी आणि प्रत्येक मुक्कामी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. येथील पाणी कोठून आले? ते पुढे कोठे जाणार? त्यावर कोणाचे पोट आहे? धबधब्याशी, कल्लणैच्या दरवाजांशी, छत्राच्या टाक्याशी, मुत्तुपेटच्या कालव्यात आणि कोडियक्करैच्या दलदलीत हेच तीन प्रश्न विचारले, तर निरनिराळी वाटणारी स्थळे एका सूत्रात येतात. उत्तरे मात्र फलकांवरून उतरवून घेऊ नयेत. डोंगरातील शेतकरी, दरवाजांवरचा कर्मचारी, नावाडी आणि वनरक्षक यांना ती विचारावीत आणि त्यांची नावे उत्तराखाली लिहून ठेवावीत.